पाना खाली ठेवल्यावर: ट्रक वर्कशॉपच्या नव्या सुपरवायझरसाठी

काल संध्याकाळपर्यंत तुम्ही गाडीखाली होता. आज शेठनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "उद्यापासून फ्लोअर तू बघायचा." पगार थोडा वाढला, खिशात पेन आलं, आणि ज्यांच्या डब्यातली भाकरी काल खाल्ली तीच माणसं आज तुम्ही जवळ गेलात की बोलायची थांबतात. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमध्ये 2 वर्षं इंजिन उघडायला आणि बसवायला शिकवतात. दहा माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हे तिथे शिकवत नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं काम ट्रक आणि टिपरचं, पुणे-बंगळुरू हायवेला कऱ्हाडच्या बाजूला. तुम्ही कारच्या वर्कशॉपात असाल किंवा एमआयडीसीत मेंटेनन्सला असाल, तरी यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल. आमच्याकडून निघालेली भरलेली गाडी मुंबईला जाते तेव्हा आधी खंबाटकी घाट ओलांडते आणि मग कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडचा तो लांब उतार उतरते. त्या उतारावर ब्रेक न लागल्यामुळे किती गाड्या पुढच्या गाड्यांवर गेल्या, हे या रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेट पासवर, म्हणजे गाडी बाहेर सोडायच्या चिठ्ठीवर, तुम्ही सही करता ती त्या उतारापर्यंत गाडीबरोबर जाते. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिला आठवडा: बघा आणि लिहा

पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. नवा सुपरवायझर आला की पहिल्याच दिवशी रॅक हलवतो, बोर्ड लावतो, माणसांच्या जागा बदलतो. माणसं तिथेच तुटतात. त्याऐवजी एक वही करा आणि प्रत्येक माणसाला एक पान द्या. तो कुठलं काम न विचारता करतो, कुठल्या कामाला दुसऱ्याला हाक मारतो आणि कुठलं काम टाळतो, एवढंच त्यात लिहा.

मला या वहीतून कळलं की आमचे सगळ्यांत जुने मेस्त्री गिअरबॉक्सला हात लावायचं टाळतात. बाकीचे म्हणायचे, आता त्यांच्याच्यानं होत नाही. खरं कारण वेगळंच निघालं. जवळचं दिसत नव्हतं, बेअरिंगवरचा नंबर वाचता येत नव्हता, आणि चारचौघांत ते सांगायची लाज वाटत होती. चष्मा झाला आणि त्यानंतर गिअरबॉक्सचं सगळं काम पुन्हा त्यांच्याकडे गेलं.

वयानं मोठ्या माणसाला काल "मेस्त्री, जरा बघता का" म्हणत होता, तर आजही तसंच म्हणा. पद वाढलं म्हणून "अहो"चं "अरे" करू नका. ज्या मित्राबरोबर रोज चहा घेत होता त्याच्याबरोबर चहाही सोडू नका. पण तो अर्धा तास उशिरा आला तर त्याची वेळ इतरांच्याइतकीच खरी लिहा. पहिल्या महिन्यात सगळा फ्लोअर एवढंच बघत असतो.

जुन्या मेस्त्रींकडे कान असतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून ते कुठलं बेअरिंग आवाज करतंय ते सांगतात. आयटीआयच्या पोरांना स्कॅनर लावता येतो, एरर कोड वाचता येतो. 1 एप्रिल 2020 पासून धुराबाबतचे बीएस-6 नियम आले, तेव्हापासून गाडीत इतके सेन्सर आहेत की नुसत्या कानानं भागत नाही. आणि कोड नुसतं कुठं दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही, त्यामुळे नुसत्या स्कॅनरनंही भागत नाही. म्हणून एक मेस्त्री आणि एक पोरगा अशी जोडी लावा. सुरुवातीला दोघंही कुरकुर करतील. महिनाभर जोडी मोडू नका.

जॉब कार्ड

जॉब कार्ड म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहायचा कागद. निम्मी दुरुस्ती इथेच होते किंवा इथेच बिघडते, म्हणून यावर जरा थांबतो.

ड्रायव्हर जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. तो म्हणाला, "ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते," तर कार्डावर "ब्रेक काम" लिहू नका, त्याचं वाक्य लिहा. तुम्ही "लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारा पट्टा) बदलणे" असं लिहिलंत की खाली काम करणारा लायनरच बदलतो, डोकं चालवत नाही. निदान तुमच्या मनात असू दे, कार्डावर तक्रार असू दे.

मग चार गोष्टी विचारा. भरलेली असताना होतं की रिकामी असताना? चढाला की सपाटीला? गार असताना की तापल्यावर? कधीपासून, आणि त्याच्या आधी गाडीचं कुठे काय काम झालं? यातला शेवटचा प्रश्न कधी विसरू नका.

एक दहा चाकी आमच्याकडे आली. तक्रार: "गाडी ओढत नाही, डिझेल खाते." त्याआधी दोन ठिकाणी फिरून आली होती. डिझेल फिल्टर नवे, एअर फिल्टर नवा, पंपाचंही काम करून झालेलं. मालकाचे पैसे गेले होते आणि ड्रायव्हर पार वैतागला होता. त्याला चहा दिला आणि शेवटचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "लायनर टाकले तेव्हापासनंच." एवढंच. पाच किलोमीटर गाडी चालवून आणली आणि लगेच प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू नेत एक फेरी मारली. ड्रमला हात लावायचा नसतो, जवळ न्यायचा. भाजण्याइतका तापलेला असू शकतो. मागचं उजवं चाक सोडून बाकी सगळी कोमट होती. त्या एका चाकाजवळ मात्र वीतभर अंतरावरही हात ठरेना. जॅक लावून चाक हातानं फिरवलं तर फिरेचना. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर ठेवणारा भाग, गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता, त्यामुळे ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. अर्ध्या तासाचं काम. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी विचारायचं, मग चालवून बघायचं, मग फुकटात तपासता येतं ते तपासायचं आणि सगळ्यांत शेवटी उघडायचं. माणसांना हाच क्रम लावा. पाना आधी उचलणारा मेकॅनिक कामाला चपळ वाटतो, पण मालकाचा खर्च तोच वाढवतो.

काम सोपवणं

"जा, त्या गाडीचा क्लच बघ" हे काम सोपवणं नव्हे. काय करायचं, किती वाजेपर्यंत, बरोबर कोण, आणि कुठे थांबून मला दाखवायचं, या चारही गोष्टी सांगा. शेवटची गोष्ट नवे लोक हमखास सोडतात. आमच्याकडे थांबायच्या जागा ठरलेल्या आहेत. ब्रेक ड्रम चढवायच्या आधी लायनर, स्प्रिंग आणि हब सील मला दाखवायचं. हेड बसवायच्या आधी गॅस्केट आणि पृष्ठभाग दाखवायचा. गिअरबॉक्स वर घ्यायच्या आधी क्लच प्लेटची बाजू दाखवायची. एकदा झाकलं की आत काय आहे हे कुणालाच दिसत नाही, म्हणून झाकायच्या आधी बघायचं.

पण यात तुमचीही जबाबदारी आहे. त्यानं हाक मारली की फोन बाजूला ठेवून लगेच जायचं. दोनदा त्याला वीस मिनिटं ताटकळत ठेवलंत तर तिसऱ्यांदा तो न दाखवता ड्रम चढवेल, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

आणि त्याच्या हातातला पाना घेऊ नका. मला हे जमायला वर्ष लागलं. पोरगा नट सोडवताना चुकतोय, वेळ जातोय, आपले हात शिवशिवतात, आपण खाली वाकतो आणि दोन मिनिटांत करून दाखवतो. त्या दोन मिनिटांत तो काहीच शिकत नाही, मागे उभ्या तीन माणसांचं काम थांबतं, आणि तिकडे पिटवर (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यावर) कुणी जॅकला घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, लावली नाही हे बघायला कुणीच उरत नाही. दाखवायचंच असेल तर एकदा स्वतः करा, पुन्हा सोडा आणि त्याच्याकडून करून घ्या.

चाकाचे नट आणि एक फोन

हा भाग माझ्या चुकीचा आहे. सगळ्यांत जास्त मी यातूनच शिकलो.

एका संध्याकाळी पुढच्या डाव्या चाकाचं ब्रेकचं काम संपलं. भरलेली गाडी, ड्रायव्हरला घाई, सहा वाजून गेलेले. एकानं नट आवळायच्या गननं नट बसवले. दुसऱ्यानं टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत (टॉर्कपर्यंत) आवळायच्या पान्यानं, आवळायचे होते. मधेच लाईट गेली, दुसऱ्याला कुणीतरी हाक मारली, आणि दोघांनाही वाटलं की टॉर्क झाला. मी विचारलं, "झालं?" दोघंही म्हणाले, "झालं." मी सही केली. नट मी स्वतः बघितले नाहीत.

साडेआठला हेल्परचा फोन आला. "साहेब, त्या पुढच्या चाकाला टॉर्क मारल्याचं मला आठवत नाही." मी ड्रायव्हरला फोन लावला. तो सुरूरजवळ जेवायला थांबला होता, खंबाटकीच्या अलीकडे. त्याला म्हटलं, गाडी हलवू नका, चाकाला पाना लावून बघा. दहा नटांतले चार फिरले.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, साडेसहाला घरी गेलास, मग साडेआठपर्यंत का थांबलास? तो खाली बघत म्हणाला, "फोन हातात घेऊन बसलो होतो. तुम्ही बोलाल म्हणून भ्या वाटत होतं." आदल्या आठवड्यात त्याच्या हातून एक सेन्सर तुटला होता आणि मी त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो होतो. सेन्सर काही हजारांचा होता. त्या बोलण्यानं दोन तास खाल्ले, आणि त्या दोन तासांत ती गाडी जवळपास ऐंशी किलोमीटर गेली.

त्याच दिवशी सगळ्यांना जमवून मी दोन गोष्टी सांगितल्या. नट न बघता सही केली ती चूक माझी होती. आणि पोरानं फोन केला म्हणून आज आपण इथे उभे आहोत. तेव्हापासून पाळलेला नियम असा की जो स्वतःहून येऊन चूक सांगेल त्याला त्या चुकीबद्दल ओरडा नाही, पगारातून कपात नाही. लपवलेली चूक नंतर सापडली तर मात्र मी सोडत नाही. शेठना हे पटवायला वेळ लागला. तुमच्या मालकाशी हे आधीच बोलून ठेवा, कारण तुम्ही शब्द दिलात आणि वर कपात झाली, तर पुढे कुणीही तुम्हाला काहीही सांगणार नाही.

आता पद्धत. नट आधी हातानं आटे धरून बसवायचे, मग समोरासमोरचे अशा क्रमानं आवळायचे, चाक जमिनीला टेकवायचं आणि शेवटी टॉर्क रेंच. आमच्याकडच्या दहा नटांच्या मोठ्या चाकांना साधारण 600 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. टॉर्क झाला की प्रत्येक नटावरून रिमवर येईल अशी पेंट मार्करची रेघ ओढायची. रेघ ओढणाऱ्यानं कार्डावर नाव लिहायचं. रेघ नाही तर टॉर्क नाही, यात "मला वाटतं" चालत नाही. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, ड्रायव्हरलाही ती लांबून कळते. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला ड्रायव्हरला सांगायचं आणि ते बिलावर लिहून द्यायचं.

अर्धवट काम सोडून कुणी जेवायला जात असेल, तर स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं.

जिथे तडजोड नाही

जॅकवरच्या गाडीखाली कुणी जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी घोडी असते. दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. "दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य ऐकलंत की स्वतः जाऊन त्याला बाहेर काढा.

टिपरची बॉडी वर करून काम करताना आधार लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत न्यायचं नाही. हायड्रॉलिकचा पाइप सुटला किंवा केबिनमध्ये कुणाचा धक्का लिव्हरला लागला, तर बॉडी खाली यायला क्षणही लागत नाही. आधार लावायचा, चावी काढून काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची.

लॉक रिंगच्या (टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगच्या) टायरमध्ये लोखंडी पिंजऱ्याबाहेर हवा भरायची नाही. ट्रकच्या टायरमध्ये कारच्या तिप्पट-चौपट दाब असतो आणि रिंग नीट बसली नसेल तर ती सुटून अंगावर येते. भरणाऱ्यानं समोर उभं राहायचं नाही, लांब पाइप वापरायचा.

नव्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात डिझेलचा दाब 1600 बारच्या वर जातो. कारच्या टायरमध्ये 2 ते अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. चालू इंजिनाला कुठून डिझेल गळतंय हे बोटानं चाचपायचं नाही, कारण ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत गेलेल्या डिझेलमुळे बोट काढावं लागू शकतं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. जुन्या मेस्त्रींना हे समजावून सांगावं लागतं, कारण जुन्या पंपांवर त्यांनी आयुष्यभर बोटानं लीक बघितलेलं असतं.

बाकीचं थोडक्यात. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि नव्या गाडीत ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, कनेक्शनही सोडायचं. डिझेल टाकीला वर्कशॉपात वेल्डिंग नाही, रिकामी असली तरी नाही. चपला, मफलर आणि बोटातली अंगठी गेटवरच. चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि अठरापर्यंतच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही. कुणी "गरिबाचं आहे, राहू दे" म्हणून आणून सोडलं तर त्याला शाळेकडे परत पाठवा. मी हे पोटतिडकीनं सांगतो, कारण माझ्याबरोबर हेल्पर असलेल्या दोघांचे हात लहानपणीच गेले.

हत्यारं आणि सामान

प्रत्येकाचा पान्यांचा संच त्याचा त्याच्याकडे आणि मोठी हत्यारं स्टोअरमध्ये. प्रत्येकाला नंबर कोरलेले पाच पितळी बिल्ले द्या. पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) नेला तर पुलरच्या खिळ्याला त्याचा बिल्ला लागला पाहिजे. यातून कुणावर संशय घ्यायचा नसतो. संध्याकाळी रिकामा खिळा दिसला की कुणाला विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी हे.

गाडी बाहेर काढताना एखादा पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत गाडी हलत नाही. इंजिनावर विसरलेला पाना चालत्या फॅनमध्ये गेला की रेडिएटर फाडतो. टॉर्क रेंचनं नट सोडायचा नाही, वापर झाला की त्याचं सेटिंग सगळ्यांत खाली आणून ठेवायचं, आणि वर्षातून एकदा तो तपासून घ्यायचा.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. आमच्याकडे त्याच्या आदल्या दिवशी पूर्ण मोजणी होते. झिजलेले पाने बाजूला काढले जातात, घोडींच्या वेल्डिंगच्या जागा तारेच्या ब्रशनं घासून तडे बघितले जातात, चेन पुलीची साखळी कडी-कडीनं तपासली जाते. पूजेत मांडलेलं प्रत्येक हत्यार वापरायच्या लायकीचं असतं. माणसं हे मनापासून करतात, कुणाला सांगावं लागत नाही.

सामानाबद्दल एकच पक्की सवय लावा. काढलेला जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालून मालकाला दाखवायचा आणि परत द्यायचा. नकली माल बाजारात भरपूर आहे. ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंगचे पार्ट ओळखीच्या डीलरकडूनच, बिलासकट.

माणसांचे तास, पैसे, सुट्ट्या

आठवड्याचे 48 तास आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर, हा कायदा आहे. ओव्हरटाइम त्याच दिवशी लिहा आणि माणसाची सही घ्या. महिनाअखेरीला आठवून लिहिलेला ओव्हरटाइम कुणालाच पटत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचं ईएसआयसी (कामगार विमा योजनेचं) कार्ड निघालं पाहिजे. त्यासाठी पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. बोटाला लागलं तेव्हा कार्ड नाही हे कळून उपयोग नसतो. नवा माणूस आला की त्याच्या पहिल्या आठवड्यात हे विचारा.

आमच्याकडे ऊसाचा हंगाम सुरू झाला की गाड्या रांगेनं येतात आणि नेमकं त्याआधी गणपती, दसरा, दिवाळी. गावची यात्रा प्रत्येकाची वेगळी. जूनमध्येच भिंतीवर कॅलेंडर लावा आणि ज्याला जी सुट्टी हवी तिच्यावर त्याला स्वतःच्या हातानं नाव लिहू द्या. एकाच दिवशी चार नावं आली तर ती चौघं आपापसांत बोलून ठरवतात. तुम्ही ठरवलंत तर भांडण तुमच्याशी होतं.

उचल मागणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारू नका कशाला हवी. आणि शिव्या. आपल्या धंद्यात हेल्परला शिवी देऊन, पाना फेकून शिकवायची जुनी रीत आहे. मी तशीच खाऊन शिकलो. त्या रीतीनं काम येतं, पण खरं बोलायची सवय जाते. वरच्या फोनची गोष्ट पुन्हा वाचा.

ड्रायव्हर आणि मालक

गाडी सगळ्यांत जास्त ड्रायव्हरला कळते. त्याला बसायला सावली, प्यायला पाणी आणि बोलायला पाच मिनिटं द्या. तो न्यूट्रल टाकून उतार उतरत असेल तर त्याला समजावून सांगा की दोन लिटर डिझेल वाचवताना इंजिनाचा ब्रेक हातचा जातो, सगळा भार लायनरवर येतो आणि लायनर तापले की ब्रेक लागत नाही. आपल्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं तर ऐकतात.

मालकाला वेळ फुगवून सांगू नका आणि कमीही सांगू नका. "उघडल्यावर दुपारी 2 वाजता नक्की सांगतो" हे खरं उत्तर आहे. ब्रेकचं किंवा स्टिअरिंगचं काम त्यानं "पुढच्या फेरीला करू" म्हटलं तर मी गेट पासवर सही करत नाही. गाडी त्याची आहे, तो दुसरीकडे नेऊ शकतो. पण तसं मी कार्डावर लिहून त्याची सही घेतो. दहातले आठ जण सही करायची वेळ आली की काम करून घेतात. ॲडब्लूची (धूर साफ करणाऱ्या द्रवाची) यंत्रणा बंद करून द्या, सेन्सर बायपास करा, अशी मागणीही येईल. ते बेकायदा आहे. तुमच्या मेकॅनिकला ते येत असलं तरी करू देऊ नका.

गेटवर

सही करायच्या आधी मी स्वतः करतो ते असं:

कार्डावरची ड्रायव्हरची तक्रार मोठ्यानं वाचतो आणि ड्रायव्हरला विचारतो, गेली का.
चाकांच्या रेघा बघतो, हात लावून.
ब्रेकच्या टाक्यांत हवा पूर्ण भरून इंजिन बंद करतो, ब्रेक दाबून धरतो आणि पाच मिनिटं काटा बघतो.
खाली वाकून तेल, डिझेल, पाणी कुठे टपकतंय का बघतो.
दिवे, इंडिकेटर, मागचे रिफ्लेक्टर.
लायसन्स असलेल्या माणसाबरोबर बसून ट्रायल. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक, मग परत आल्यावर ड्रमजवळ हाताची फेरी.
हत्यारांची मोजणी.

पंधरा-वीस मिनिटं जातात. घाईच्या दिवशी यातलं काही सोडावंसं वाटतं. घाईच्या दिवशीच सोडू नका.

संध्याकाळ

शेवटच्या अर्ध्या तासात नवं काम उघडायचं नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं, तेलाची सांड भुसा टाकून उचलायची, बिल्ले मोजायचे, मेन स्विच बघायचा. मग सगळे हात धुऊन कपडे बदलायच्या आधी मी फ्लोअरच्या मधोमध उभा राहतो आणि विचारतो, "आज कुणाचं काही राहिलंय का?"

विचारून लगेच वळू नका, थोडं थांबा. पहिले कित्येक दिवस कुणी बोललं नाही. मग एकदा वेल्डरनं सांगितलं की ब्रॅकेटचा एक टाका मनासारखा बसलेला नाही. आता रोज एखादी गोष्ट निघते. गाडी अजून शेडमध्ये असेल तर उद्याच्या बोर्डावर पहिल्या ओळीत तीच लिहिली जाते. गाडी गेली असेल तर माणूस घरी जायच्या आधी ड्रायव्हरला फोन होतो, आणि तो फोन मी स्वतः करतो.